दुभत्या गाईच्या पोटाचे विकार: ओळख आणि उपाय

दुभत्या जनावरांच्या आजारांत पोटाच्या बिघाडाइतका नित्याचा दुसरा आजार नसेल. आणि ज्याचें औषध ज्याला त्याला ठाऊक आहे, असाही दुसरा नसेल. गाय वैरण सोडून उभी राहिली कीं शेजारचे चार जण गोठ्यांत जमतात. एक जण गोडेतेल पाजावयास सांगतो, दुसरा मीठ व ओवा सांगतो, तिसरा खाण्याचा सोडा आणवितो आणि चौथा आपल्या घरची उरलेली बाटली घेऊन येतो. यांपैकीं कोणी खोटें बोलत नसतो. प्रत्येकाच्या गाईला तें तें औषध कधीं तरी लागू पडलेलें असतें. परंतु ज्या चार गाईंना तीं चार औषधें लागू पडलीं, त्यांचे रोग चार निरनिराळे होते, एवढें मात्र कोणाच्या ध्यानांत राहत नाहीं.

हा लेख आंबेगांव व जुन्नर या दोन तालुक्यांतील बागाईतदारांचा गोठा डोळ्यांपुढें ठेवून लिहिला आहे. लेखकाचें गांव महाळुंगे पडवळ. ज्यांच्या नांवानें डिंभे धरणाचा जलाशय ओळखला जातो, त्या हुतात्मा बाबू गेनूंचें हें जन्मगांव. या बाजूस बटाटा, कांदा, टोमॅटो, फ्लॉवर, कोबी व ऊस हीं पिकें घराघरांत आहेत आणि त्यांच्या जोडीला दोन-चार संकरित गाई आहेत. शेतांत जें उरतें, जें बाजारांत खपत नाहीं, तें गव्हाणींत जातें. आमच्या गोठ्यांतील बहुतेक दुखण्यांचें मूळ या एका वाक्यांत आहे.

पूर्वीं असें नव्हतें. आपल्या आजोबांच्या वेळची गावठी गाय दिवसभर माळावर व बांधावर हिंडे, संध्याकाळीं कडबा किंवा भाताचा पेंढा खाई, आणि वासरू पाजून दोन-तीन शेर दूध देई. तिच्या पोटाचें दुखणें म्हणजे मुख्यतः चैत्र-वैशाखांतील. हिरवें गवत नाहीं, पाणी कमी, वाळलेली काडी पोटांत बसे आणि पोट बांधलें जाई. त्या दुखण्यावर मीठ, तेल, गूळ-पाणी अशीं सारक औषधें वडीलधाऱ्यांनीं योजिलीं, तीं योग्यच होतीं. पुढें १९६० सालीं पुणें जिल्ह्याचा सहकारी दूध संघ स्थापन झाला. १९६७ सालीं मणिभाई देसाई यांनीं उरुळी कांचन येथें बाएफ ही संस्था काढली आणि संकरित गाईंचा प्रसार गांवोगांव झाला. संकरित गाय दिवसाला पंधरा-वीस लिटर दूध देते, आणि तेवढ्या दुधासाठीं तिला पेंड, भरडा, मका हें सर्व द्यावें लागतें. म्हणजे पूर्वींची गाय काडी अधिक झाल्यानें आजारी पडे. आजची गाय काडी कमी झाल्यानें आजारी पडते. रोग उलटा झाला आणि औषध पाजण्याचा नळा मात्र तोच राहिला.

हें नीट समजण्यासाठीं गाईच्या पोटाची रचना थोडी पाहिली पाहिजे. गाईला चार पोटें असतात: कोठीपोट, जाळीपोट, पडदेपोट आणि खरें पोट. पहिलें कोठीपोट सर्वांत मोठें. शरीराची डावी बाजू जवळजवळ त्यानेंच भरलेली असते. त्यांत असंख्य सूक्ष्म जंतु राहतात. वैरण पचविण्याचें काम गाय स्वतः करीत नाहीं, हे जंतु करतात. गाय त्या जंतूंना पोसते व जंतु गाईला पोसतात. काडी, पाला, गवत यांवर वाढणारे जंतु निराळे आणि पीठ, साखर यांवर वाढणारे निराळे. काडी सावकाश आंबते. पीठ व साखर फार जलद आंबतात आणि त्यांपासून पुष्कळ आम्ल तयार होतें. हें आम्ल मारण्यास गाईजवळ लाळ असते. मोठी गाय दिवसाला शंभर लिटरांहून अधिक लाळ गिळते, आणि त्या लाळेंत खाण्याच्या सोड्याच्या जातीचेच क्षार असतात. म्हणजे गाय आपला सोडा आपणच तयार करते; दुकानांतून तो आणावा लागत नाहीं. अट एवढीच कीं तिनें रवंथ केला पाहिजे, आणि रवंथ होण्यासाठीं पोटांत लांब काडी पाहिजे. भरडा व पेंड यांवर रवंथ होत नाहीं. वैरण यंत्रांत घालून भुशासारखी बारीक केली तरीही होत नाहीं. कुट्टी बोटाच्या एक-दोन पेरांएवढी राहील असें पातें लावावें.

निरोगी गाय दिवसारात्रींत सात-आठ तास रवंथ करते. दुपारीं गोठ्यांत गेल्यावर बसलेल्या गाईंपैकीं निम्म्याहून अधिक रवंथ करीत असाव्यात. एक घास वर आला कीं तो ती पन्नास-साठ वेळां चावते. हें मोजण्यास पैसा लागत नाहीं, फक्त गव्हाणीजवळ पांच मिनिटें स्वस्थ बसावें लागतें. रवंथ कमी झाला ही बिघाडाची पहिली खूण होय. दूध त्यानंतर कमी होतें. पुष्कळ शेतकरी दूध मोजतात व रवंथ पाहत नाहींत, त्यामुळें त्यांना रोग एक दिवस उशिरा कळतो.

गाय खात नाहीं असें दिसतांच पुढील तपासणी करावी. डाव्या बाजूस शेवटची बरगडी, कमरेचें हाड आणि मांडी यांमध्यें जो खळगा असतो, त्यास भकाळी म्हणतात. तेथें मूठ दाबून धरावी आणि घड्याळ लावून दोन मिनिटें थांबावें. निरोगी गाईचें कोठीपोट तेवढ्या वेळांत दोन-तीन वेळां मुठीला वर उचलतें. एकदांही उचललें नाहीं तर पोट थांबलें असें समजावें. मग भकाळी हाताला कशी लागते तें पाहावें. कणकेसारखी घट्ट लागली व मुठीचा खळगा तसाच राहिला, तर पोट बांधलें आहे. ढोलाप्रमाणें ताणलेली व टिचकी मारतां वाजणारी असेल, तर वायु धरला आहे. आणि पखालींत पाणी हालावें तसें आंत डुचमळत असेल, तर तें आम्लाचें लक्षण. तें सर्वांत वाईट. नंतर शेण पाहावें. कोरड्या गोळ्या व त्यांवर चिकट बुळबुळ असेल तर एक रोग. पातळ, फिकट, बुडबुड्यांचें, आंबूस वासाचें व मक्याचे दाणे जसेच्या तसे असलेलें शेण पडत असेल तर अगदीं दुसरा. गुदद्वारांत तापमापक लावून ताप बघावा. गाईचें नेहमींचें उष्णतामान १०१ ते १०२ अंश फॅरनहाईट असतें. १०३ च्या वर गेलें तर तें साधें अपचन नव्हे. शेवटीं, आणि माझ्या मतें सर्वांत महत्त्वाचें, घरांत विचारावें: काल संध्याकाळपासून हिच्यापुढें नवीन काय पडलें? हा प्रश्न घरांतील बायामाणसांना व मुलांना विचारावा. कारण गडी म्हणतो नेहमींचेंच घातलें, मालकाला ठाऊक नसतें, आणि खरें उत्तर बहुधा लहान मुलाकडून मिळतें.

आतां एकेक विकार घेऊं. पोट बांधण्याविषयीं वर लिहिलेंच आहे. कोरडा कडबा अधिक व पाणी कमी झाल्यानें तें होतें. भरपूर पाणी, थोडें मीठ, चालविणें आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानें मॅगसल्फसारखें सारक, एवढ्यानें बहुतेक गाई दोन-तीन दिवसांत सुधारतात. जुनीं औषधें येथें खरोखर उपयोगी आहेत.

आम्ल होण्याचा विकार निराळा. बटाट्याचा भाव पडला म्हणजे शेतकरी बारीक व कापलेला बटाटा पाटीभर गाईपुढें ओततो. लग्नकार्य झालें कीं उरलेला भात व पोळ्या टाकणें जिवावर येतें, तें सारें गव्हाणींत जातें. पोळ्याच्या दिवशीं बैलांना पुरणपोळ्यांचा नैवेद्य प्रेमानें चारला जातो आणि दुसऱ्या दिवशीं पशुवैद्यांना उसंत नसते. कधीं गाय दावें तोडून मक्याच्या भरड्याच्या पोत्यांत तोंड घालते. या सर्वांत पीठ आहे. तें पोटांत गेल्यावर आम्ल करणारे जंतु कांहीं तासांतच वाढतात, काडी पचविणारे मरतात, पोट थांबतें आणि शरीरांतील पाणी कोठीपोटांत ओढलें जातें. म्हणूनच भकाळी डुचमळते. खाल्ल्यापासून बारा ते चोवीस तासांत गाय सुस्त होते, झोकांड्या देते, डोळे आंत जातात, शेण पातळ व आंबट होतें. पुढें ती मान कुशीवर टाकून बसते. याच वेळीं, नुकती व्यालेली गाय असेल तर, दुग्धज्वर समजून कॅल्शियमची बाटली लावण्याची चूक होते. दुग्धज्वराची गाय अशीच बसते हें खरें, परंतु तिला आंबूस हगवण नसते.

सौम्य प्रसंगीं, म्हणजे गाय उभी आहे, थोडी वैरण खाते, शेण मात्र पातळ आहे अशा वेळीं, आंबोण पूर्ण बंद करावें, वाळलेलें गवत किंवा कडबा पुढें टाकावा आणि १०० ते १५० ग्रॅम खाण्याचा सोडा कोमट पाण्यांत विरघळवून सावकाश पाजावा. तासाभरानें तिला थोडें चालवावें. गाय बसली असेल, डोळे खोल गेले असतील किंवा नाडी मिनिटास शंभराच्या वर असेल, तर सोड्यानें भागत नाहीं. शिरेंतून सलाईन द्यावें लागतें, कधीं पोट धुवावें लागतें, आणि हें काम पशुवैद्याचें आहे. सारक औषध येथें देऊं नये. आधींच पाणी गमावलेल्या जनावराचें उरलेलें पाणी त्यानें जातें. वडिलांच्या वेळचें औषध आजच्या रोगाला अपाय करतें तें येथें.

याच विकाराचें एक सावकाश चालणारें रूप आहे. त्यांत गाय बसत नाहीं, आजारी दिसतही नाहीं. ती रोज थोडें आंबोण अधिक व थोडी काडी कमी खात असते. तिची खूण गोठ्यांत दिसत नाहीं, दूध केंद्रावरील चिठ्ठींत दिसते. दूध तेवढेंच राहून फॅट ३.५ वरून ३ च्या खालीं उतरला आणि चार दिवस तसाच राहिला, तर केंद्रावरील माणसाशीं वाद घालण्यापूर्वीं शेण पाहावें. फॅट उतरण्यास दुसरींही कारणें असतात. धार पुरी न काढणें हें त्यांतील एक. शेवटच्या दुधांतच फॅट अधिक असतो. परंतु फॅट उतरला, शेण पातळ आहे, रवंथ थोडा आहे, आणि कांहीं महिन्यांनीं गाय खुरांनीं लंगडूं लागली, तर हा सर्व एकाच आम्लाचा परिणाम समजावा. खुरांवर मलम लावून तो जात नाहीं.

आम्लाच्या अगदीं उलट विकार युरियाचा. पेरणीच्या दिवसांत खताचें पोतें गोठ्याच्या भिंतीला टेकून ठेवलेलें असतें. त्याची चव खारट, आणि मिठाला हपापलेली गाय तें चाटते. कधीं खताचे हात धुतलेलें पाणी किंवा ठिबकसाठीं टाकींत कालवलेलें खत ती पिते. अर्ध्या-एक तासांत अंग थरथरतें, तोंडाला फेस येतो, पोट फुगतें, श्वास जोरानें चालतो आणि ती पडते. येथें पोटांत आम्ल नसतें, अमोनिया असतो. अशा गाईला सोडा पाजला तर अमोनिया अधिक वेगानें रक्तांत जातो. म्हणजे आपण तिला हातानें मारतों. येथें आंबट पाहिजे. पशुवैद्य येईपर्यंत २ ते ४ लिटर शिरका पुष्कळ थंड पाण्यांत मिसळून, गाय शुद्धीवर व गिळूं शकत असेल तरच पाजावा. एकाच गोठ्यांत, एकाच दिवशीं, एका गाईस सोडा तारक व दुसरीस मारक ठरूं शकतो. शेजाऱ्याच्या अनुभवावर विसंबून औषध देऊं नये असें मी म्हणतों तें एवढ्याचसाठीं.

पोटफुगीचेही दोन प्रकार आहेत. कोवळा लसूणघास किंवा कोबीचा पाला सकाळीं दंवानें ओला असतां भुकेल्या गाईनें भराभर खाल्ला, तर वायूचा साबणासारखा फेस होतो आणि तो ढेकरानें बाहेर पडत नाहीं. येथें तेल उपयोगी. २५० ते ५०० मिलिलिटर शेंगदाण्याचें किंवा जवसाचें तेल फेस मोडतें. गाय पुढचे पाय उंचावर येतील अशी चढावर उभी करावी. तोंडांत आडवी काठी देऊन ती शिंगांस बांधावी, म्हणजे ती चघळते, लाळ सुटते व ढेकर येतात. भकाळी पाठीच्या वर गेली, जीभ बाहेर आली व गाय घुसमटूं लागली, तर क्षणाचाही विलंब करतां येत नाहीं. भकाळींतून नळी घालून वायु काढणें हा शेवटचा उपाय आहे, परंतु तें शिकलेल्या हाताचें काम. चाकू खुपसून गाय वांचल्याच्या गोष्टी गांवांत सांगतात. चाकूनें मेलेल्या गाईंच्या गोष्टी कोणी सांगत नाहीं.

दुसरा प्रकार गळ्यांत कांहीं अडकल्याचा, आणि आमच्या बटाट्याच्या मुलुखांत तो फार. अखंड बटाटा किंवा कांदा गाय न चावतां गिळते, तो गळ्यांत अडकतो, ढेकराची वाट बंद होते आणि पोट फुगतें. अशी गाय मान लांब करते, खोकते, आणि लाळ तोंडांतून सारखी गळते, कारण ती गिळतां येत नाहीं. येथें मला माझी स्वतःची चूक सांगितली पाहिजे. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या गोठ्यांतील दुसऱ्या वेताची गाय संध्याकाळीं फुगली. पावसाळा होता, सकाळीं घास घातला होता, म्हणून मीं घासाची फुगी समजून तेलाचा नळा काढला. दोघांनीं तिची मान वर करून धरली, मीं जीभ ओढली आणि तेल ओतलें. ती खोकली. तेल उतरत नाहीं असें वाटून मीं आणखी ओतलें. रात्रीं पशुवैद्य आले, त्यांनीं गळ्यांतील बटाटा काढला, वायु गेला, पोट बसलें. सर्वांना वाटलें गाय वांचली. तिसऱ्या दिवशीं तिला ताप चढला, श्वास भात्यासारखा चालूं लागला, नाकांतून घाण वास येऊं लागला आणि सहाव्या दिवशीं ती मेली. बटाट्यानें ती मेली नाहीं. माझ्या तेलानें मेली. तें तेल गळ्यांत वाट न मिळाल्यानें फुप्फुसांत उतरलें होतें. तिच्या गळणाऱ्या लाळेकडे मीं दोन मिनिटें पाहिलें असतें, तर पुरे होतें.

तेव्हांपासून आमच्या घरीं औषध पाजण्याची रीत ठरलेली आहे. लाळ गळत असेल तर तोंडावाटे थेंबही द्यावयाचा नाहीं. मान पाठीच्या रेषेपेक्षां थोडीच वर ठेवावी, आकाशाकडे करूं नये. जीभ ओढूं नये. ओढलेल्या जिभेनें गिळतां येत नाहीं, हें माणसानें स्वतः करून पाहावें. नळा गालाच्या बाजूनें घालावा, एका वेळीं घोटभर ओतावें, गिळल्याचें दिसल्यावरच पुढचा घोट. खोकली कीं मान ताबडतोब सोडावी, मग औषध सांडलें तरी चालेल. गळ्यांत अडकलेला बटाटा बांबूनें आंत ढकलूं नये, अन्ननळी फाटते.

कांद्याविषयीं एक निराळी सूचना. चाळींतील कोंब आलेला, सडका कांदा गाई आवडीनें खातात. पुष्कळ दिवस व पुष्कळ कांदा खाल्ल्यास त्यांतील द्रव्यानें रक्ताचे कण फुटतात, लघवी काळसर तांबडी होते, डोळ्यांचा आंतला भाग पांढरा पडतो व गाय अशक्त होते. त्याला पोटाचें औषध चालत नाहीं. कांदा बंद करणें हाच पहिला उपाय. दुधाला त्याचा वास येतो तो वेगळाच.

टोमॅटोच्या बागेंतून आणखी एक विकार येतो. बागेंत बांबू उभे करून तारा ताणतात, हंगाम संपला कीं तारांचे तुकडे बांधावर पडतात आणि गवताबरोबर कुट्टींत येतात. गाय ओठांनीं निवडून खात नाहीं, जिभेनें ओढून गिळते. तार जाळीपोटांत बसते, आणि त्याच्या पुढेंच, पातळ पडद्यापलीकडे, हृदय आहे. अशी गाय एकाएकीं दूध सोडते, पाठ कमानीसारखी करते, पुढचे कोपर बाहेर काढून उभी राहते, उतारावरून खालीं येतांना कण्हते व बसण्यास नाखूष असते. थोडा ताप असतो. पचनाच्या पुड्या देऊन ती दोन दिवस सुधारल्यासारखी होते व पुन्हां पडते. असें दोनदां झालें कीं पुड्या थांबवून पशुवैद्यास दाखवावी. गाईच्या पोटांत ठेवावयाचें लोहचुंबक मिळतें. तें पशुवैद्याकडून वेळींच बसवून घेतलें तर तार त्यास चिकटून राहते आणि पुढें जात नाहीं. ॲल्युमिनियमच्या किंवा तांब्याच्या तारेस अर्थातच त्याचा उपयोग नाहीं. आच्छादनाच्या प्लॅस्टिक कागदाला तर चुंबकही नाहीं. त्याचे गोळे कोठीपोटांत वर्षानुवर्षें राहतात, गाय वारंवार फुगते व सुकत जाते, आणि शस्त्रक्रिया करून तें काढण्यावांचून इलाज उरत नाहीं. आच्छादनाचा कागद शेतांतून गोळा करण्याच्या मजुरीबद्दल जो कुरकुर करतो, त्यानें हा खर्चही त्यांत धरावा.

व्यालेल्या गाईचा पहिला महिना विशेष सांभाळावा. या दिवसांत दूध वाढतें पण भूक तितकी वाढत नाहीं, म्हणून चरबी वितळून गाईच्या श्वासाला व दुधाला गोडसर, फळासारखा वास येतो. ती आंबोण सोडते व कडबा मात्र खाते. कधीं चौथें पोट जागा सोडून डाव्या बरगडीखालीं अडकतें. दोन्ही वेळां घरीं अपचन समजलें जातें. व्याल्यापासून महिन्याच्या आंत खाणें सुटलें तर घरगुती उपायांत एका दिवसापेक्षां अधिक वेळ घालवूं नये. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठीं सरकारनें १९६२ हा दूरध्वनि क्रमांक ठेविला आहे. तो गोठ्याच्या दारावर खडूनें लिहून ठेवावा.

एक सूचना मेलेल्या जनावरासंबंधानें. गाय आदल्या दिवशीं धडधाकट असून एकाएकीं मेली, पोट फुगलें आणि नाकातोंडांतून किंवा गुदद्वारांतून काळें, न गोठणारें रक्त आलें, तर ती पोटफुगीनें मेली असें समजून तिचें कातडें काढूं नये व पोट फाडूं नये. हा फाशी रोग असूं शकतो आणि तो माणसालाही होतो. ताबडतोब पशुवैद्यकीय दवाखान्यांत कळवावें.

आतां भाजीपाला गाईला घालूंच नये काय? असें माझें म्हणणें नाहीं. बाजार पडला म्हणजे टोमॅटो रस्त्यावर ओतण्यापेक्षां गाईच्या पोटांत गेलेला बरा. २०२३ च्या जुलैंत ज्या टोमॅटोला सोन्यासारखा भाव होता, तोच दोन महिन्यांत तोडणीच्या मजुरीलाही महाग झाला, हें आपण सर्वांनीं पाहिलें. परंतु बाजार एका दिवसांत पडतो, पोटांतील जंतूंना मात्र नव्या वैरणीची संवय होण्यास दोन आठवडे लागतात. बटाटा घालावयाचा तर चिरून, हिरवे व कोंब आलेले बाजूस काढून, रोज एक-दोन किलोनें आरंभ करून हळूहळू वाढवावा, आणि तेवढा भरडा आंबोणांतून कमी करावा. पाल्यावर औषध फवारलें असेल तर ठरलेले दिवस गेल्यावांचून तो तोडूं नये. सकाळीं आधीं कडबा, मग हिरवें, मग आंबोण. हा क्रम उलटा करूं नये. आंबोण साधारणतः शरीरासाठीं दीड किलो व दर लिटर दुधामागें चारशें ग्रॅम धरतात. तें दोन वेळांऐवजीं तीन-चार वेळां विभागून द्यावें. घास आदल्या दिवशीं कापून सुकत टाकावा. पाणी दिवसभर पुढें असावें. दूध देणारी गाय उन्हाळ्यांत शंभर लिटरपर्यंत पाणी सहज पिते.

दुखण्यांतून उठलेल्या गाईचें पथ्य बहुतेक जण विसरतात. पोट पुन्हां हालूं लागलें कीं दूध भरून काढण्याच्या घाईनें दुसऱ्याच दिवशीं पूर्ण आंबोण सुरू होतें आणि आठवड्यांत तोच रोग उलटतो. पहिले दोन दिवस फक्त वाळलेली वैरण व पाणी द्यावें. तिसऱ्या दिवशीं अर्धा किलो आंबोण घालून रवंथ पाहावा, शेण पाहावें. दोन्ही ठीक असेल तर दर दिवसाला अर्धा किलो वाढवावें. काडी पचविणारे जंतु मेले असल्यास निरोगी गाईच्या कोठीपोटांतील रस पशुवैद्याकडून नळीनें काढवून तिला पाजवितात; त्याचा गुण चांगला येतो. दूध पूर्वींच्या मापावर येण्यास दहा-बारा दिवस लागतात. या मुदतींत केंद्रावरील चिठ्ठ्या फेकून न देतां एका दोऱ्यांत ओवून ठेवाव्यात आणि प्रत्येकीच्या मागें त्या दिवशीं घातलेली वैरण लिहावी. पुढच्या वेळीं गाय वैरण सोडून उभी राहिली, तर पशुवैद्य पहिला प्रश्न तोच विचारतील.